पाण्याखाली जळणारा दिवा, नग एक

ग्रामपंचायतीच्या ठरावात चार शब्द महत्त्वाचे होते. पाण्याखाली, जळणारा, किफायतशीर आणि खात्रीचा. सरपंच रामाजींनी ते एका दमात सांगितले आणि शिपाई देवरावने एका दमात लिहून घेतले. सही झाली, शिक्का बसला. शाई वाळत आली तेव्हा कुठे देवरावच्या डोक्यात उजेड पडला, की हा दिवा आणायला जाणारा शिपाईही आपणच.

“सरपंचभाऊ, पान्याखाली दिवा जळते काय?”

“ठरावात काय लिवलं?”

“जळणारा.”

“मंग जळन ना बाप्पा. न जळून कुठी जाते?”

साल होतं शहाऐंशी, महिना एप्रिल. भुयारगुडा हे गाव राजुरा तालुक्यातलं, पण राजुऱ्याहून जिवतीचा घाट चढून वर गेलं की मग लागणारं. गावातल्या दोन्ही विहिरी मार्चातच मान टाकत. त्यानंतर सगळी भिस्त कपारीवर. कपार म्हणजे डोंगराच्या पोटातली चुनखडीची गुहा. तोंडाशी बैलगाडी मावेल एवढी जागा, आत दहा-बारा पावलांवर पाणी. वरवरचं पाणी उन्हाळ्यात आटायचं. खरं पाणी होतं आत, बुडालेल्या भुयारात. पाण्याखालून आठ हात सरळ जायचं, मग डावीकडे वळायचं, आणि वळणानंतर शेजारी शेजारी दोन भोकं. एका भोकात बारमाही थंडगार पाणी. दुसऱ्यात तांबडा गाळ. पाणी ओढणाऱ्या इंजिनाच्या पाईपाचं टोक कोणीतरी बुडी मारून पहिल्या भोकात नेऊन ठेवायचं असे. टोकाला जाळीची झडप असते, तिला इकडे सगळेच फुटबॉल म्हणतात. हा फुटबॉल बरोबर भोकात बसला, की पावसाळ्यापर्यंत गाव सुखी.

मागच्या वर्षी तो दुसऱ्या भोकात बसला होता. दीड महिना गावाने तांबडं पाणी प्यायलं. वरण आणि पाणी वेगवेगळं वाढलं तरी कोणतं कोणतं हे चव घेतल्याशिवाय कळत नसे.

फुटबॉल बसवणारा होता सुकलू, देवरावचा साळा. वर्धा नदीच्या काठचा पोरगा, पंचविशीचा. विहिरीत पडलेल्या बादल्या, कळशा, एकदा तर अख्खी सायकल त्याने बुडी मारून वर आणली होती. तो पाण्यात डोळे मिटूनच उतरायचा आणि हाताने चाचपायचा. “हाताले भोक सापडते,” तो म्हणायचा, “पन कोनतं भोक, हे हाताले नाई समजत.” यंदा त्याने निरोप धाडला होता, उजेड द्या, मंग येतो.

इथवर ही गावाची अडचण होती. देवरावची अडचण घरात होती, तिचं नाव रंभा. सुकलूच्या पाठची नाही, आधीची बहीण. आईमागे तिनेच त्याला वाढवलेलं. ठरावाची बातमी ऐकल्यावर तिने भाकरी थापायची थांबवली नाही, फक्त जोर वाढवला.

“आत दिवा इझला अन् माह्या भावाले काई झालं,” ती म्हणाली, “तं मी तुमच्या पुढं ताट ठेवनार नाई. ह्या जल्मात.”

“मी काय करू? मी तं शिपाई.”

“दिवा तुमीच पाहून आनान ना? मंग! अन् दोरीचं एक टोक त्याच्या कमरेले, दुसरं तुमच्या. हातात नाई, कमरेले. हात सुटते.”

देवराव एकूण माणूस चांगला होता, पण निवड करणं हे त्याचं काम नव्हतं. नोकरीच्या बारा वर्षांत त्याने स्वतःच्या मनाने ठरवलेली गोष्ट म्हणजे सायकलला घंटी डावीकडे बसवायची की उजवीकडे. तीसुद्धा त्याने शेवटी दोन्हीकडे बसवली होती. आता साळ्याचा जीव त्याच्या पसंतीवर लटकला होता, आणि एस.टी. घाट उतरत होती.

राजुऱ्याच्या दुकानात दुकानदार पेपर वाचत बसला होता.

“पान्याखाली जळनारी टार्च दाखवा.”

“पावसात चालन अशी हाय. पान्याखाली काऊन पायजे?”

“पान्याखाली पाह्याले.”

“काय पाह्याले?”

“भोक.”

दुकानदाराने पेपराची घडी घातली. मग पाच टॉर्च मांडल्या. एक तीन सेलची, जाड पितळेची, देवरावच्या पंधरा दिवसांच्या पगाराला भिडणारी. बाकीच्या दोन सेलच्या, पत्र्याच्या, जत्रेत मिळतात तशा.

“हे पितळी म्हणजे काम,” दुकानदार म्हणाला. “डोस्क्यात हाणली तरी बल्ब जात नाई.”

“पान्यात बंद नाई पडनार?”

“डोस्क्याचं सांगितलं मी. पान्याचं कोनी विचारलंच नाई आजवर.”

“गॅरंटी?”

“सेलची कंपनीची, बल्बची देवाची, पान्याची तुमची.”

“मंग त्या माठात बुडवून पाहू काय?”

“पाहा ना! पन बुडवली का तुमची झाली. वली टार्च मी परत नाई घेत.”

म्हणजे बुडवल्याशिवाय घेता येत नव्हती आणि घेतल्याशिवाय बुडवता येत नव्हती. देवरावने हा पेच दोन्ही बाजूंनी तपासून पाहिला. दुकानदाराने पेपर वाचून संपवला, जेवून आला, पुन्हा बसला. देवराव उभाच होता. शेवटी तो म्हणाला, “येतो,” आणि काही न घेता बाहेर पडला.

राजुऱ्याजवळच्या कोळसा खाणीत त्याचा मावसभाऊ खुशाल कामाला होता. अंधारात आठ-आठ तास राहणाऱ्या माणसाला दिव्याचं कळत असणार, असा देवरावचा हिशेब. खुशालची पाळी नुकतीच सुटली होती. डोळ्यांभोवती काजळ, बाकी चेहरा धुतलेला.

“टोपीवरचा दिवा म्हणशीन तं आठ घंटे जळते,” खुशाल म्हणाला. “बॅटरी कमरेले, दिवा कपायावर.”

“पान्यात?”

“वरून टपटप पडते पानी, त्याले काई होत नाई. बुडवून नाई पाह्यला कोनी. आमी बुडाले लागलो तं कोयसा कोन काढन?”

“एक दिवसासाठी देतेस काय?”

खुशाल हसला. मग त्याने खाणीतला कायदा सांगितला. प्रत्येक दिव्याला नंबर, प्रत्येक नंबराचा पितळी बिल्ला. दिवा घेतला की बिल्ला खुंटीवर लागतो. बिल्ला खुंटीवर आहे, म्हणजे माणूस आत आहे. दिवा परत दिला की बिल्ला उतरतो, आणि मगच माणूस बाहेर आला असं धरतात.

“एका डाव एक जण दिवा घेऊन तसाच बाजारात गेला,” खुशाल म्हणाला. “खाली अर्धी पाळी त्याले धुंडून राह्यली, अन् हा वर भजे खाऊन राह्यला. सायबापुढं उभा केला तरी सायब म्हने, मले माणूस नोको दाखवू, दिवा दाखव.”

देवरावला ही गोष्ट फार आवडली. एवढं स्पष्ट काही त्याने आयुष्यात ऐकलं नव्हतं. माणूस कुठे आहे याबद्दल माणसाचंही ऐकायची गरज नाही.

“दिवा मी नाई देऊ शकत, पन एक गोष्ट ध्यानात ठेव,” खुशालने निघताना सांगितलं. “एका दिव्यावर पोराले आत नोको धाडू. तीन दे. एक गेला तं दुसरा. दुसरा गेला तं तिसरा पेटवायचा अन् उलटं फिरायचं.”

परतीच्या वाटेवर देवरावने विचार केला. पितळी एकीच्या पैशात पत्र्याच्या तीन येत होत्या. पितळी बंद पडली तर दिवाही गेला आणि खात्रीही गेली. पत्र्याच्या तिघींवर मुळात भरवसाच नव्हता. त्यांच्याकडून निदान धक्का तरी बसला नसता. पुन्हा त्याच दुकानात जाऊन त्याने तीन पत्र्याच्या घेतल्या. ठरावाप्रमाणे बिलावर लिहून घेतलं, दिवा, नग एक, आणि पुढे कंसात, तीन.

रंभाने तिन्ही टॉर्च पाहिल्या.

“एक आनाले धाडलं होतं.”

“ह्या तीन मिळून एकच हाय.”

“तुमी अन् सुकलू मिळून जसा एक शहाना होते, तसं काय?”

आता त्यांना पाण्यापासून वाचवायचं होतं. तिघींना एकच उपाय करावा आणि तो फसला तर तिन्ही जातील, म्हणून देवरावने तीन वेगळे उपाय ठरवले. पहिलीला सायकलची जुनी ट्यूब चढवली आणि काचेच्या कडेने पंक्चरचं सोल्युशन फासलं. दुसरी पेटवून काचेच्या बरणीत घातली आणि झाकण मोहोळाच्या मेणाने बंद केलं. बरणी रंभाच्या आईची, लोणच्याची. रंभाने ती दिली, पण देताना हात सोडायला वेळ लावला. तिसरीसाठी झिल्ली, म्हणजे प्लॅस्टिकची पिशवी, वापरून पाहिली. झिल्लीत पाणी शिरलं. मग देवरावला आरोग्य उपकेंद्राच्या भिंतीवरची जाहिरात आठवली. तो नर्स बायनाबाईंकडे गेला.

“बाई, निरोध पायजे होते.”

बायनाबाईंचा चेहरा उजळला. तीन महिन्यांत कोणी आपणहून मागायला आलं नव्हतं.

“किती देऊ?”

“तीन-चार. टार्चले लावाचे हायेत.”

“बरं.”

“खरंच टार्चले, बाई. पान्यात जाते ते.”

“इथी आलेला हर माणूस काई ना काई सांगते, देवरावभाऊ. एक जण म्हने बासरीले पायजे. लाजू नोका.” आणि त्यांनी अख्खं खोकं त्याच्या हातात ठेवलं.

ते खोकं काखेत घेऊन देवराव गावातून घरी आला. रस्त्यात भेटेल त्याला तो सांगत आला, टॉर्चसाठी आहे. कोणी विचारलं नव्हतं.

दुपारी त्याने तिन्ही टॉर्च पिण्याच्या हंड्यात बुडवल्या. ट्यूबवाली बुडाली आणि जळत राहिली. निरोधवाली बुडाली आणि जळत राहिली. बरणी तरंगली. देवरावने तिच्यावर वरवंटा ठेवला, तेव्हा ती बुडाली. म्हणजे पास झाली. गुरं रानातून परत येईपर्यंत तिन्ही जळत होत्या, आणि रंभा हंड्याकडे बघत बसली होती. गावात पाणी नव्हतं आणि होतं त्यात उजेड होता.

दुसऱ्या दिवशी सुकलू आला. खांद्यावर पंचा, तोंडात तंबाखू-सुपारीचा खर्रा. त्याने तिन्ही वस्तू उलटसुलट करून पाहिल्या.

“भाऊजी, यातली खात्रीची कोनती?”

“तिनई.”

“तिनई खात्रीच्या, तं तीन काऊन?”

“तू खर्रा थुक आधी,” देवराव म्हणाला.

“अन् हे काय चढवलं हो हिले?” सुकलूने तिसरी उचलली आणि बहिणीकडे वळला. “बाई, तुह्या नवऱ्यानं टार्चचं लगन लावलं काय?”

“थुक आधी,” आता रंभाही म्हणाली.

पुढल्या सकाळी अख्खं गाव कपारीपाशी जमलं. खुशालची सुट्टी होती, म्हणून तो मुद्दाम बसने आला होता, आणि सरपंचांनी त्याला खाणीतले तज्ज्ञ म्हणून खुर्ची दिली होती. गुहेच्या तोंडापासून तीस हातांवर, जांभळाखाली, इंजिन. इंजिनापाशी नथ्थू, हातात हँडल. नथ्थूच्या डोक्याच्या वर, झाडाच्या खोडाला, देवरावने तीन खिळे ठोकले होते आणि प्रत्येकाला डब्याच्या पत्र्याचा एकेक बिल्ला लटकवला होता. एक, दोन, तीन, दर दिव्यामागे एक.

ही देवरावची स्वतःची कल्पना. सरपंचांना ती एवढी आवडली, की त्यांनी तिथल्या तिथे नियम केला: जोवर एकही बिल्ला लटकतो आहे, तोवर नथ्थूने इंजिन लावायचं नाही. कारणही खरं होतं. इंजिनाने पाणी धरलं की पाईप असा झटका मारायचा, की मागच्या वर्षी भुयारातला एक दगड फुटला होता. दगडाच्या जागी माणूसही असू शकला असता.

दोरी ऐंशी हात. एक टोक सुकलूच्या कमरेला, दुसरं देवरावच्या. गाठी रंभाने बांधल्या आणि दोनदा ओढून पाहिल्या. एक झटका म्हणजे ठीक आहे. दोन झटके म्हणजे ओढा.

सुकलू ट्यूबवाली घेऊन उतरला. दोरी सरकत गेली. पाण्यात पिवळा ठिपका दिसला, लांब गेला आणि विझला. लगेच दोन झटके आले. देवरावने ओढलं. सुकलू खोकत वर आला.

“मेली. वळनापाशीच मेली.”

हंड्यात ही चार तास जळली होती. पण हंड्याला वळण नव्हतं. खोडावरचा पहिला बिल्ला उतरवला गेला. विझलेला दिवा परत आला म्हणजे आला की नाही, यावर सरपंचांनी खुशालकडे पाहिलं. खुशालने मान हलवली, धरतात.

दुसऱ्या बुडीला बरणी, सकाळीच नवे सेल घालून, पेटवून पुन्हा मेण लावलेली. या वेळी उजेड पाण्यात शिरला आणि मग तिरपा वर वर जाऊ लागला. दोरी वेडीवाकडी ओढली गेली. देवराव घामेघूम झाला. सुकलू वर आला तो रिकाम्या हाताने.

“बरनी मलेच घेऊन चालली होती, भाऊजी! छतावर जाऊन चिकटली. पन सोन्यावानी उजेड हाय आता. दोनई भोकं दिसून राह्यले. मागच्या साली मी कसा येडा झालो, तेई समजलं.”

तिसऱ्या बुडीला निरोधवाली दातात, फुटबॉल काखेत. बुडी लांबली. देवरावने मनात आकडे मोजायला सुरुवात केली, चाळीसवर विसरला, पुन्हा एकपासून सुरू केले. मग एक झटका आला. ठीक आहे. मग सुकलू स्वतःच वर आला, हसत, आणि दातातली टॉर्च अजून जळत होती. फुटबॉल बरोबर भोकात बसला होता.

गाव ओरडलं. बायनाबाई सगळ्यांत मोठ्याने. आणखी एक बिल्ला उतरला.

बरणीचा लटकत होता.

“लाव नथ्थू,” कोणीतरी म्हणालं.

नथ्थूने वर बोट दाखवलं. “बिल्ला हाय ना.”

“अरे, बरणी आत राह्यली तेवढी. माणूस नाई कोनी.”

“मले बरनीचं काय सांगता? बिल्ला लटकला म्हणजे माणूस आत. माह्या इंजिनानं कोनी चेंदला तं तुमी जासान काय जेलात?”

सरपंच रामाजी गुहेत आले आणि त्यांनी पाण्यात वाकून पाहिलं. आतून, वळणाच्या पलीकडून, पिवळा उजेड येत होता.

“उजेड तं हाय,” ते म्हणाले. “मंग हा कोन लावून बसला?”

“मीच लावला ना, सरपंचभाऊ!” सुकलू म्हणाला.

“तू तं बाहेर हायेस.”

“हाव.”

“मंग आत कोन हाय?”

यावर गर्दीत कुजबुज झाली. म्हातारी गिरजाबाई म्हणाली, बसला असंन कोनी निवांत, आत थंड हाय. माणसं मोजायचं ठरलं. पंचायतीच्या यादीत दोनशे बारा, मोजली तर भरली दोनशे चौदा. सरपंचांचा चेहरा गंभीर झाला. “दोन जास्त. म्हणजे आतला धरून तीन जास्त.” दोन जास्त म्हणजे सुकलू आणि खुशाल, हे देवरावने समजावून सांगितलं. सरपंचांना ते पटलं. पण आतला कोण, हे त्यातून निघेना.

मग सगळे खुर्चीकडे वळले. खाणीत काय करतात?

खुशालने घसा खाकरला. खुर्चीवर बसल्यापासून त्यालाही तज्ज्ञ असल्यासारखं वाटू लागलं होतं. “नियमानं, दिवा परत आल्याबिगर माणूस बाहेर धरत नाई.”

“कोनता माणूस?”

“ज्यानं दिवा नेला तो.”

सगळ्यांनी सुकलूकडे पाहिलं. सुकलूने स्वतःकडे पाहिलं. तीन बुड्यांनी त्याचे ओठ निळे पडले होते आणि कानात पाणी होतं, त्यामुळे त्याला सगळं थोडं लांबून ऐकू येत होतं.

“म्हणजे मी आत हाव?”

“नियमानं,” खुशाल म्हणाला.

“मंग हे इथी कोन बसून हाय?”

“दिसते तं सुकलूवानीच,” गिरजाबाई म्हणाली.

सुकलू गुहेच्या तोंडाशी दगडावर बसला आणि विचारात पडला. त्याने एकदा मांडीला चिमटाही काढला. लागला की नाही हे त्याने कोणाला सांगितलं नाही.

देवराव हे सगळं बघत होता. त्याला पुढचं दिसत होतं. आता कोणीतरी म्हणेल, जा बाप्पा, आन ती बरणी, संपव. पोरगं थकलं होतं. दोन दिव्यांतला एक मेलेला आणि दुसरा पिवळा पडत चाललेला. आणि पोराला आत धाडायला लावणारी ती वस्तू कोणी ठोकली होती? त्यानेच, स्वतःच्या हाताने, खाणीतून कल्पना उचलून आणून. सरपंचांनी फक्त नियम केला होता. नियमाला खिळा देवरावचा होता.

तो गुहेतून बाहेर निघाला. दोरी कमरेला होतीच, ती मागून गवतात सरपटत आली. गर्दीतून वाट काढत तो जांभळापर्यंत गेला, टाचा उंचावल्या आणि उरलेला बिल्ला खिळ्यावरून काढून खिशात घातला.



“कोनाच्या हुकमानं?” सरपंचांनी विचारलं.

“माह्या.”

हा शब्द त्याने आयुष्यात प्रथमच अशा ठिकाणी वापरला होता. तो कसा वाटतो हे बघायला तो जरा थांबला. बरा वाटला. नथ्थूने वर पाहिलं. खिळे तीन, बिल्ले शून्य. नथ्थूच्या मनात आता काहीही शंका उरली नव्हती. त्याने हँडल इंजिनाला लावलं आणि फिरवायला घेतलं.

तेवढ्यात देवरावच्या कमरेला एक झटका बसला.

गर्दीत कोणाची तरी शेळी दोरीत अडकली असावी, असं त्याला वाटलं. त्याने सभ्यपणे दोरी थोडी ढिली केली. पुन्हा एक झटका. मग त्याने गुहेच्या तोंडाकडे पाहिलं. दगडावर पंचा होता. पंचाशेजारी खर्ऱ्याची पुडी. सुकलू नव्हता.

नियम म्हणजे नियम, असं सुकलूच्या मनाने घेतलं होतं. आपण आत असू तर आपल्याला बाहेर काढणारा दुसरा कोण, म्हणून तो निरोधवाली दातात धरून स्वतःला आणायला गेला होता. त्याच्या मते त्याने भाऊजीला झटका देऊन रीतसर कळवलंही होतं.

“नथ्थू, थांब! आत माणूस हाय!”

नथ्थूने हँडल फिरवता फिरवता खोडाकडे मान केली. “बिल्ला कुठी हाय?” तो ओरडला, आणि इंजिनाने पहिला धूर सोडला.

बिल्ला देवरावच्या खिशात होता. तो खिशातून काढून, खोडापर्यंत जाऊन, टाचा उंचावून, खिळ्याला लावायला जेवढा वेळ लागतो, तेवढा वेळ राहिला नव्हता. इंजिन फटफटायला लागलं. आता कोणाचंच काही ऐकू येत नव्हतं. रंभाचं तोंड उघडं दिसत होतं, आवाज नव्हता. आणि मग देवरावच्या कमरेला लागोपाठ दोन झटके बसले.

बुडणाऱ्याला वाचवायचं तर माणूस त्याच्याकडे धावतो. देवराव उलट्या दिशेने धावला.

गुहेकडे पाठ करून, उतारावरून, खाली नाल्याकडे. सगळ्या गावाने पाहिलं, की साळा आत अडकला आणि भाटवा पळून चालला. सरपंच हात वर करून काही म्हणाले. खुशाल खुर्चीवरून उठला. कोणीतरी देवरावच्या मागे एक ढेकूळ फेकलं, ते त्याच्या खांद्याला लागलं. दहा पावलं तो हलका धावला, मग दोरी ताणली गेली आणि कमरेचा काच पोटात रुतला. तो पुढे वाकला, बैलासारखा, आणि पाय जमिनीत रोवत ओढत राहिला. एक पाऊल. अजून एक. काहीतरी सुटलं. मग दोरी हलकी झाली, देवराव उतारावरून धावतच सुटला आणि नाल्याच्या वाळूत तोंडावर पडला.

गुहेच्या तोंडातून सुकलू बाहेर आला. बसलेल्या अवस्थेत, पाठ आधी, मग पाय. घसरत, दगडावरून, गवतातून, थेट जांभळापर्यंत. दोन्ही हातांनी त्याने बरणी छातीशी धरली होती. बरणीत टॉर्च जळत होती. मागे गुहेत पाईपाने असा झटका दिला, की आतून फुटलेल्या दगडाचा आवाज इंजिनाच्या वरही ऐकू आला.

त्यानंतर पाईपातून पाणी पडू लागलं. स्वच्छ, निळसर, काचेसारखं. तिकडे नथ्थू सोडून कोणी बघत नव्हतं. नथ्थूने हात लावून पाहिला आणि पाण्याला शाबासकी दिल्यासारखी मान हलवली.

रंभा सुकलूपाशी पोचली. तिने त्याचे कान, हात, बोटं, पाठ, सगळं तपासलं. पाठीची कातडी जागोजागी सोलली होती, कपाळावर टेंगूळ उगवत होतं. मग तिने त्याच्या पाठीत एक धपाटा घातला, सोललेल्या जागा चुकवून, आणि तिथेच बसून रडायला लागली. बायनाबाई पेटी आणायला धावल्या.

देवराव वाळू थुंकत चढ चढून आला. लोक त्याला वाट देत होते, पण त्याच्याकडे कसं पाहायचं हे कोणाचं ठरलं नव्हतं. ढेकूळ फेकणारा हात मागे घेऊन उभा होता.

सुकलूने मान वर केली. कानातलं पाणी झटकलं. खोडावरचे तीन रिकामे खिळे पाहिले, छातीशी धरलेला दिवा पाहिला, मग भाऊजीकडे पाहिलं.

“भाऊजी,” तो हळूच म्हणाला, “आता मी बाहेर हाव ना? नक्की सांगा.”

देवरावने खिळ्यांकडे पाहिलं नाही. खुशालकडे नाही, सरपंचांकडेही नाही. तो गुडघ्यावर बसला आणि त्याने सुकलूच्या ओल्या डोक्यावर हात ठेवला. डोकं थंड होतं. त्याने हात काढला नाही.

“बाहेर हायेस,” तो म्हणाला. “लेखी पायजे काय?”

“नाई,” सुकलू म्हणाला. “तुमी म्हनता तं झालं.”